त्या दिवशी मी वाजले नाही

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि जन्मजात बडबडी. पोटात बुचाची एवढीशी गोळी, तोंडाशी दातांच्या खुणा आणि गळ्यात काळी दोरी, एवढाच माझा संसार. पण मी वाजले की बावीस दांडगे खेळाडू जागच्या जागी थांबतात! सांगा बरं, एवढा मान तुमच्या वर्गाच्या मॉनिटरला तरी मिळतो का?

एका लहानशा कारखान्यात मला वाकवलं, जोडलं, घासूनपुसून चकचकीत केलं. मग मी आप्पांकडे आले. आप्पा फुटबॉलचे पंच. ते मला दातांत धरूनच धावायचे. कुणाला जरा धक्का लागला की फुर्रर! लोक म्हणायचे, "यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही." मी नुसती फुशारून जायची.

पुढे आप्पांचे गुडघे कुरकुरू लागले आणि माझी रवानगी खणात झाली. गंजक्या किल्ल्या आणि तुटकी बटणं यांच्यात पडून माझी गोळी चिकटून बसली. फार वाईट वाटायचं हो.

एक दिवस खण उघडला. आप्पांची मुलगी, म्हणजे आमची ताई, दातांच्या दवाखान्यात काम करते. तीही पंच झाली होती! तिने मला कोमट पाण्यात धुतलं, पुसलं आणि फुंकलं. घरभर माझा आवाज घुमला.

ताईही मला दातांतच धरायची. एका सामन्यात पुढे धावणाऱ्या खेळाडूला कुणीतरी पाडलं. ताईने तत्क्षणी मला वाजवलं. पण चेंडू त्याच्या जोडीदाराकडे गेला होता आणि समोर गोल मोकळा! त्याने चेंडू जाळ्यात मारला खरा, पण खेळ आधीच थांबला होता. गोल गेला, सामनाही गेला.

पंचांचे प्रमुख ताईला म्हणाले, "फाऊल बरोबर पकडलात. पण फायदा कुणाचा झाला? पाडणाऱ्याचा! अंतिम सामना तुम्हाला देतोय. परत असं झालं, तर यापुढे रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायचं."

घरी आप्पा म्हणाले, "माझीच खोड उचललीस बघ. हिला मुठीत धर. मूठ तोंडापर्यंत येईस्तोवर डोळ्यांना बघायला सवड मिळते."

मुठीत? घामट मुठीत? माझा तर पापडच मोडला!

अंतिम सामना सुरू झाला. दोन्ही संघ बरोबरीत, थोडाच वेळ उरलेला. तेवढ्यात 'टँकर' म्हणून ओळखला जाणारा आडदांड बचावपटू मैदानाच्या मधोमध समोरच्याच्या पायांवर घसरत आला. धाडकन! समोरचा आडवा झाला.

"शिट्टी! शिट्टी!" सगळं मैदान ओरडलं. माझी गोळी पोटात थुईथुई नाचू लागली. ताई, वाजव ना गं मला!

पण चेंडू घरंगळत पडलेल्याच्या जोडीदाराकडे गेला होता. ताईने दोन्ही हात पुढे केले. "खेळा! खेळा!"

तो सुसाट निघाला आणि, अरे देवा, अडखळला! ताईची मूठ वर आली. मी ओठांपासून बोटभर अंतरावर होते. आता वाजणार, आता वाजणार... तोल सावरला! मूठ थांबली. पाय फिरला आणि चेंडू थेट जाळ्यात! गोल!

पडलेला खेळाडूही उठून नाचू लागला. त्या गोंधळात टँकर हळूच सटकत होता. ताईने त्याला गाठून पिवळं कार्ड दाखवलं.

"मॅडम, गोल झाला ना त्यांचा! आता कार्ड कशाला?"

"खेळ थांबायची वाट बघत होते. शिट्टी वाजली नाही म्हणजे मला दिसलं नाही, असं समजू नकोस!"

प्रमुखांनी दुरूनच अंगठा उंचावून शाबासकी दिली. झेंड्याचा विषय मिटला! सामना संपल्याचा इशारा मात्र मी असा ठणकावून दिला की माझी गोळीसुद्धा दमली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला धुऊन, पुसून ठेवा, खणात कोंडू नका. आणि ओठांशी नेण्याआधी एकदा नीट बघा. नाही वाजवलंत तरी आम्ही रुसत नाही.

घरी आप्पांनी मला तळहातावर घेतलं. मग ताईला म्हणाले, "मी असतो ना, तर वाजवली असती."