बैलाले चालते ती हळद

नागपूरहून सिनेमावाले पारशिवनीजवळच्या त्या गावात आले, तेव्हा गोपिकाबाईंच्या घरी लेक मयुराच्या लग्नाची धांदल होती. तरी त्या शूटिंगला गेल्या. दिग्दर्शक अमोलला सिनेमातल्या नवरीची विधवा आई हवी होती आणि त्यांचा चेहरा त्याला पसंत पडला होता.

देवळासमोर मांडव घातलेला. पाटावर नटी दामिनी नवरी होऊन बसलेली.

"काकू, सवाष्णी हळद लावतील. तुम्ही खांबाआडून बघायचं आणि पदरानं डोळे टिपायचे. आपल्याला संस्कार दाखवायचेत."

"अन् मी लावली तं?"

"विधवा आई कशी लावेल, काकू?"

पुढच्या खुर्चीवर त्यांचे दीर चंपतराव ऐटीत बसले होते. सकाळीच ते बजावून गेले होते, "वयनी, उद्या मयुराच्या हळदीले तुमी सैपाकघरातच राहा. लोकं नावं ठेवतीन."  ते बोलणं गोपिकाबाईंना दिवसभर सलत होतं.

कॅमेरा सुरू झाला. बायका गाऊ लागल्या. गोपिकाबाईंनी खांबाआडून पदर डोळ्यांशी नेला. डोळे कोरडेच होते. त्यांनी तो पदर कमरेला खोचला, तरातरा पाटाजवळ गेल्या, वाटीत पंजा बुडवला आणि दामिनीच्या दोन्ही गालांना हळद फासली.

"कट! काकू, हे काय करून राहिल्या?"

"सिनेमा खोटाच ना गा? मंग लावली खोटी हळद."

बायकांत खसखस पिकली. चंपतराव ताडकन उठले.

"वयनी, घराची इज्जत घालवून राहिल्या तुमी! धुवा तो हात!"

"नाही धुवत. भाऊजी, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले हळद-तूप कोण चोळते? तवा तं तुमीच मले बोलावणं धाडता. म्हणता, वयनीचा हात लागला का बैलाचा खांदा सुजत नाही. बैलाले चालते, अन् माह्या पोरीले नाही?"

चंपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. कोणीच त्यांची बाजू घेतली नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "खरंच तं हाय!"

"काकू, हा सीन परत घ्यावा लागेल," अमोल कळवळला.

"घे ना बापू. खांबाआड उभी राहाले दुसरी पाह्य."

पिवळा हात तसाच घेऊन त्या घरी आल्या. मयुरा दारातच उभी होती.

"आई, हे काय वं?"

"उद्या पाटावर बसली का पयली हाक मले मारजो," गोपिकाबाई म्हणाल्या. "काकाजीले ऐकू जाईन, अशी मारजो."