करड्या कोंबडीचे चौदा नमो मारिये

पिवळा पाय. चार बोटं आत वळलेली, मुठीत काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी. एका नखावर वाळलेल्या मातीचा कण, आणि तेवढा कणच काय तो थरथरतोय... बाकी सगळं थांबलेलं. चिकूच्या झाडाखाली, गोणपाटावर, करडी कोंबडी उताणी पडली होती. झोपलेल्या बाळावरून काढावा तसा प्लासिडने तिच्या छातीवरचा हात अलगद काढून घेतला आणि डोळे मिटले. बघत राहिलं की ती जास्त घाबरते, असं एका शेतीच्या मासिकात लिहिलं होतं. आता डोळे मिटले तर घड्याळ कसं दिसणार—म्हणून नमो मारिये, मरियामातेची ती छोटी प्रार्थना, एकामागून एक मोजत. आई अंडी उकडायची ती नमो मारियेवरच. मऊ हवं असेल तर पंधरा, घट्ट हवं असेल तर चाळीस. घरात घड्याळ नव्हतं, पण अंडं कधी बिघडलं नाही.

मासिकातली गोष्ट साधी होती. कोंबडीला थोडा वेळ उताणी धरून सोडून दिलं, तर ती तशीच थिजून पडते. भीती जितकी खोल, तितका जास्त वेळ. सोमवारी बावीस नमो मारिये झाले होते. आज गुरुवार. गुडघे टेकलेले, ओठ हलतायत—आठ... नऊ...

महिन्यापूर्वी खुराड्यात मुंगूस शिरलं आणि एक कोंबडी घेऊन गेलं. उरलेल्या पाचांपैकी चौघी दोन दिवसांत विसरल्या. ही विसरली नाही. दाणे टाकले की त्या चौघी वाडीभर धावत सुटतात. ही भिंतीला अंग घासत चार पावलं येते आणि एक पाय वर धरून उभी राहते, पुढे टाकू की मागे, अशी. तिला तसं उभं पाहून प्लासिडला पहिल्यांदा हसू आलं होतं, आणि मग ओशाळल्यासारखं झालं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी असाच तर उभा असतो, पंख्याखालच्या भिंतीशी, हातात सरबताचा ग्लास, कोणी ओळखीचं येतंय असं दिसलं की तो उगाच ओठांना लावत... पापडीच्या शाळेत एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, तेही बहुतेक तिथे बोलायचं नसतं म्हणूनच.

सुनेचं म्हणणं मात्र वेगळं होतं. कॅथरिनच्या मते ही कोंबडी आळशी झाली होती. अंडं देत नाही, हलत नाही, नुसते दाणे खाते. रविवारी त्याच्या नातीच्या, डायनाच्या, होणाऱ्या सासरची माणसं चंदनसारहून पहिल्यांदाच जेवायला येणार, तेव्हा हीच कापायची, असं तिने मसाला वाटता वाटता ठरवून टाकलं होतं. ती चुकतेय, ही आळशी नाही, घाबरलेली आहे, हे प्लासिडला सांगायचं होतं. वाक्यही तयार होतं—‘कॅथरिन, मला वाटतं, अर्थात मी चुकतही असेन, पण...’ तीन दिवस ते वाक्य घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात होता, आणि दरवेळी नेमका ‘अर्थात’पाशी कुकर शिटी मारत होता.

फडफड झाली. त्याने डोळे उघडले. कोंबडी उठून, पिसं झाडून, एकदम अनोळखी माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

चौदा! बावीसवरून चौदा. तो एवढा खूष झाला की गुडघे टेकलेलेच राहिले. आणि मग नेहमीप्रमाणे शंका आली. शेवटचे तीन-चार मी मुद्दाम लांबवले का? आकडा कमी यावा म्हणून रेंगाळलो का? देवाच्या आईशीही लबाडी... छे. पण अगदीच ‘छे’ म्हणावं इतकी खात्रीही वाटेना.

दहा वाजता कॅथरिन चहा घेऊन आली, ती हसू दाबतच. शेजारच्या रेजिनाने कपडे वाळत घालताना भिंतीवरून सगळं पाहिलं होतं, आणि पाव घ्यायला गेली तेव्हा तिथे सांगूनही टाकलं होतं. प्लासिडसर कोंबडीपुढे गुडघे टेकतात, डोळे मिटून प्रार्थना करतात आणि मेलेली कोंबडी उठून चालायला लागते. कॅथरिनला हे पाववाल्याच्या बायकोने फोनवर कळवलं होतं, आणि तोवर कोंबड्या दोन झाल्या होत्या.

प्लासिडने चहा घेतला आणि तो थेट आपल्या खोलीत गेला. पुस्तक उघडलं. पहिली ओळ नऊ वेळा वाचली. आता फादर बोलावतील. बोलावतील आणि विचारतील, आणि आपण ‘अर्थात’ म्हणून थांबू... हातपाय गार पडले, आणि त्या गारठ्यातही एक मिश्कील विचार सरकून गेला: आत्ता मला कोणी उताणा पाडला, तर अख्खी रोझरी, पन्नासच्या वर नमो मारिये, व्हायची. त्याचं त्यालाच हसू आलं, एकट्याला, बंद खोलीत.

चार वाजता रेजिनाची हाक आली. ती पडवीत उभी होती, काखेत टोपली, टोपलीत पांढरी कोंबडी. सणाचे फटाके वाजले त्या दिवसापासून ही कोपऱ्यातून हलत नाही, असं तिने सांगितलं, आणि टोपली त्याच्या पायाशी ठेवून आपणही हात जोडून उभी राहिली.

मागे खोलीचं दार उघडं होतं. चार पावलं. प्लासिडला ती चार पावलं स्पष्ट दिसत होती. पण टोपलीतली कोंबडी मान आखडून बसली होती, तिचा डोळा मिटत नव्हता, आणि तो डोळा काय बघतोय हे ह्या पडवीत फक्त त्यालाच माहीत होतं.

“रेजिना, मी प्रार्थना करत नव्हतो,” तो म्हणाला. “मोजत होतो.”

“मोजताना म्हणत काय होता?”

“नमो मारिये.”

“मग झालं तर,” रेजिना म्हणाली. “कशाला म्हणता ते तुमचं तुम्ही बघा, सर. माझी कोंबडी चालायला पाहिजे.”

आणि मग तो बोलायला लागला. आधी टोपलीकडे बघत, मग रेजिनाकडे. वरून झडप घालून तिला उचलू नकोस, कोंबडीला वरून येतं ते सगळं घारच वाटतं. खाली बस, बाजूने हात ने. दाणे रोज एकाच माणसाने, एकाच वेळी टाकायचे. कोपऱ्यातून ओढून बाहेर काढायचं नाही. दाणेच रोज वीतभर पुढे सरकवायचे. पाय थांबतात ते आळसाने नाही—पुढे काय आहे ते कळेपर्यंत अंगच पुढे जाऊ देत नाही, आणि आपण ढकललं की आणखी घट्ट होतं... रेजिना मध्ये मध्ये हुंकार देत होती. सगळं बोलून झाल्यावर त्याला कॅथरिन दारात उभी असलेली दिसली. हातात लसूण सोलायची सुरी, पण लसूण कधीचा सोलून झालेला.

रेजिना टोपली उचलून गेली. जाताना कोंबडीला आजारी पोराला समजवावं तसं काहीबाही सांगत गेली.

“पप्पा,” कॅथरिन म्हणाली, “म्हणजे आपलीही तशीच आहे का?”

तयार वाक्य होतं. पण ते सापडेना. “तिला कापू नकोस,” तो म्हणाला. एवढंच. आणि कुकरही गप्प होता.

कॅथरिनने सुरी पदराला पुसली. “माणसं येणार आहेत, पप्पा. त्यांच्यासमोर डाळ ठेवू का?” मग आत वळता वळता, “बघू. रविवार लांब आहे अजून.”

ती आत गेली. बघू म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपण काय बोललो ते पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटत नव्हतं. बोललेलं तिथेच पडवीत पडून होतं, आणि चालेल असं होतं. उद्या पाववाल्याकडून आणखी कोणी येईल, टोपली घेऊन, पिशवी घेऊन... ह्या विचारात, नीट चाचपून पाहिलं तर, भीती होतीच, पण कोण येतंय ह्याची थोडी वाटही होती.