खरं बोल, बाळा

"हे बघ व्हर्लीन, तिथं तोंडाला कुलूप घालायचं," गाडी लावता लावता तिच्या बहिणीनं, ओझेलनं, पुन्हा बजावलं. "आपलं चर्च नाही ते. पॅरोल मंडळासमोर मधेच बोललीस तर पोर आणखी पाच वर्षं आत."

"मी काय कुकुलं बाळ आहे का गं?" व्हर्लीन फणकारली.

बावीस वर्षं! दारूच्या दुकानावर दरोडा पडला, त्या दुपारी तिचा कॉर्डेल तिच्याच स्वयंपाकघरात बसून तळलेले मासे खात होता. दुकानदार एवढंच म्हणाला, चोर उंच होता आणि काळा होता. झालं, कॉर्डेलला उचललं! अमेरिकेतल्या त्या परगण्यात उंच आणि काळे काय कमी होते? ज्यूरीतले बाराच्या बारा गोरे, जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल देऊन मोकळे झाले. चाळीस वर्षं. त्याच महिन्यात त्याच न्यायाधीशानं एका गोऱ्या पोराला, हातात पिस्तूल सापडलेलं असताना, तीन वर्षांवर सोडलं. व्हर्लीननं बायबलवर हात ठेवून पोर घरी मासे खात होतं असं सांगितलं, तर म्हणे आईच ती, असंच सांगणार. मेल्यांनो, मग शपथ घ्यायला लावलीत कशाला?

मंडळानं मुदतीआधी सुटकेचा अर्ज दोनदा फेटाळला. कारण दोन्ही वेळा एकच, कैद्याला पश्चात्ताप नाही. न केलेल्या पापाचा पश्चात्ताप माणसानं आणायचा तरी कुठून? शेवटी गेल्या भेटीत कॉर्डेल तिच्या कानाशी लागून म्हणाला, "आई, या वेळी मी 'केलं' म्हणणार. मला घरी यायचंय. पण तू कधी म्हणू नकोस हं. जगात एक तरी माणूस असू दे, ज्यानं ते म्हटलं नाही."

"मेले तरी म्हणणार नाही," ती म्हणाली होती.

आता खोलीत समोर तिघं गोरे बसले होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर, तुरुंगातून, कॉर्डेल. केस पिकलेत माझ्या पोराचे, तिच्या मनात आलं. वय अवघं एक्केचाळीस.

"बोला, मिस्टर टब्ज," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, त्या दिवशी मी..." कॉर्डेल थांबला. "त्या दुकानात मी..." आवाज चिरकला. पुढचा शब्द काही केल्या निघेना. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

आणि व्हर्लीनचं भान सुटलं. तिच्या चर्चमध्ये कोणी उभं राहून आपबीती सांगू लागलं आणि त्याचा गळा दाटला, की बाकांवरून बाया ओरडतात, "खरं बोल!" म्हणजे घाबरू नकोस, आम्ही आहोत, चालू दे. साठ वर्षांची सवय ती. तोंडातून निघूनच गेलं.

"खरं बोल, बाळा! खरं बोल!"

ओझेलनं तिचं मनगट घट्ट धरलं, पण आता काय उपयोग?

"बाई," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "म्हणजे तुमचा मुलगा आमच्याशी खोटं बोलतोय?"

"नाही साहेब! ती आमची... चर्चमध्ये म्हणतात तसं. धीर द्यायला."

"आम्ही चर्चमध्ये नाही. आई म्हणते खरं बोल, तर आम्ही काय समजायचं? उभ्या राहा. सरळ सांगा. गुन्हा यानं केला, की नाही केला?"

पडद्यावर कॉर्डेल मान हलवत होता. नाही, आई. नको. तिला स्पष्ट दिसत होतं. देवा, कुठं आणून उभं केलंस मला! नाही म्हणावं तर पोर आत. हो म्हणावं तर...

"केला," ती म्हणाली. "त्यानंच केला, साहेब."

अध्यक्ष पहिल्यांदाच हसले. "बावीस वर्षांत या कुटुंबाकडून आलेला हा पहिला प्रामाणिक शब्द," ते म्हणाले. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं, कागदांवर सह्या झाल्या. पॅरोल मंजूर. सहा आठवड्यांत सुटका. ओझेल ओक्साबोक्शी रडायला लागली.

कॉर्डेल हसला नाही. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला.

"आई," त्यानं विचारलं, "तुला खरंच तसं वाटतं?"

नाही रे राजा, नाही! ओठांवर आलं होतं. पण सह्यांची शाई ओली होती आणि तिघंही तिच्याकडं बघत होते.

"हो, बाळा," व्हर्लीन म्हणाली.

तो कॅमेऱ्यापासून मागं सरला. मग "बरं" म्हणाला, आणि शिपायानं पडदा बंद केला.

"घरी आला की सांग ना त्याला सगळं," गाडीत ओझेल म्हणाली. "फोनवर नको, तिथं सगळं ऐकतात. सहा आठवडे तर आहेत."

"सांगेन," व्हर्लीन म्हणाली. "पण 'आईच ती, असंच सांगणार' असं तोही म्हणाला तर गं?"