पांढरा ठिपका

"नाना, परवापेक्षा जास्तच ओढतेय," राजदीप म्हणाला. "सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं तर गाडी डावीकडच्या शेतात जाईल. आणि सत्तरच्या पुढं गेलं की थरथरायला लागते. अलाइनमेंट करायच्या आधी बरी होती, खरं सांगू का?"

अभिमनने चहाचा ग्लास तोंडाला लावला. चहा नुकताच आला होता. बाकीच्यांनी आपापले ग्लास टायरच्या थप्पीवर ठेवून दिले होते. अभिमनने मात्र तो पंज्यात धरला होता. दुकानात याचं कौतुक व्हायचं. नानांच्या हाताला चटका बसत नाही, असं त्याच्या हाताखालचा भटू नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचा.

"परवा मशीनवर चारही चाकांचे आकडे हिरवे होते," अभिमन म्हणाला. "तुम्ही स्वतः पाहिलं."

"पाहिलं. म्हणून तर परत तुमच्याकडंच आलो."

राजदीप एरंडोलच्या शाळेत शिक्षक होता. दुसऱ्या दिवशी त्याला आईला घेऊन धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. आई, पुष्पाबाई, गाडीत मागच्या सीटवर बसून होती. उतरायला सांगितलं तर ती म्हणाली, "मी काय वजन शे का? ऱ्हाऊ दे मले."

जळगावात खोटेनगरच्या पुढे, बांभोरीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दीपकशेठचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. दीपकशेठचे वडील गल्ल्यावर बसायचे, तेव्हापासून अभिमन तिथे काम करतो. त्या काळी मशीन नव्हतं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची, एक डोळा मिटून बघायचं आणि चाक सरळ करायचं. पुढे मशीन आलं, पडदा आला, लाल-हिरवे आकडे आले. शेवटचे दोन टप्पे तेवढे तसेच राहिले. चाकाचा कोन जुळला की स्टिअरिंगच्या दांडीवरचा नट आवळायचा आणि मग गाडी रस्त्यावर काढून स्टिअरिंगवर नुसती बोटं टेकवून पाहायची. नट किती आवळायचा हे हात सांगायचा. गाडी बरी झाली की नाही, हेही हातच सांगायचा.

नट आवळून झाला की अभिमन त्यावर, नट आणि दांडीच्या जोडावर, पांढरा ठिपका द्यायचा. मुलीच्या जुन्या नेलपॉलिशची बाटली त्याच्या शर्टाच्या खिशात असे. ती संपली तेव्हा त्याने बाजारातून नवी आणली, पांढऱ्याच रंगाची. दुकानदार बाईने बायकोसाठी का, असं विचारलं तेव्हा तो "हो" म्हणाला. जळगाव ते धरणगाव, एरंडोल, पारोळा या पट्ट्यातले गाडीवाले खाली वाकून तो ठिपका आहे का, ते पाहत. ठिपका असला की पुढची तपासणी करत नसत.

त्या सकाळी त्याने क्रमाने सगळं केलं. हवा पाहिली, दोन्हीकडे सारखी होती. मग पुढची दोन चाकं उजवी-डावी बदलली. टायरमध्ये दोष असेल तर गाडी आता उजवीकडे ओढायला हवी होती. राजदीपने दुकानापुढच्या रस्त्यावर फेरी मारली. गाडी डावीकडेच ओढत होती.

"म्हणजे टायर नाही," भटू म्हणाला. भटू अभिमनहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण दुकानात मुरलेला. "नाना, आता तुम्हीच ट्रायल घ्या. आणि हो, तुमची एक चप्पल पंपावर पडली होती. मी आणलीय. माणसाला चप्पल पडलेली कळत नाही म्हणजे काय?"

"ढिली झालीय," अभिमन म्हणाला आणि पाय चपलेत सरकवला. पाय नीट आत गेला की नाही, हे त्याने खाली वाकून पाहिलं.

गाडी महामार्गाला लागली. राजदीप बाजूला बसला. अभिमनने दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगवर टेकवली. काटा सत्तरच्या पुढे गेला.

"आता," राजदीप म्हणाला. "आता बघा."

अभिमनला काही जाणवलं नाही. त्याने वेग वाढवला.

"लागलं ना हाताला?"

"थोडं," अभिमन म्हणाला. ते खरं नव्हतं.

"थोडं? नाना, हे थोडं आहे?"

मागून पुष्पाबाई म्हणाली, "मन्हा पायखाले बी थरथर लागस. दात वाजी ऱ्हायनात मन्हा, जे ऱ्हायनात ते."

राजदीप हसला. अभिमन हसला नाही. समोर काचेखाली पाण्याची अर्धी भरलेली बाटली उभी ठेवलेली होती. तिच्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती, एकामागून एक, न थांबता. त्याने वेग कमी केला. पाणी शांत झालं. पुन्हा वाढवला. पुन्हा वलयं उठली. त्याने स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहिलं. मनगटं हलत होती, शर्टाची बाही थरथरत होती. हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे गप्प होते.

महिन्यापूर्वी बायकोने, यशोदाबाईने, त्याच्या बोटावरचा फोड त्याला दाखवला होता. कशाने भाजलं, हे त्याला आठवत नव्हतं. साखरेच्या आजाराची गोळी तो दोन वर्षं घेत होता, आठवेल तेव्हा. पायाला मुंग्या येतात असं डॉक्टरांना एकदा सांगितलं होतं. मग मुंग्या थांबल्या, तेव्हा बरं झालं असं त्याने धरलं.

परत येताना त्याने गाडी तीसच्या वर नेली नाही.

मशीनवर डाव्या चाकाचा आकडा लाल आला. परवाचा हिरवा आकडा दोन दिवसांत सरकला होता. भटू गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. 

"नाना," खालून त्याचा आवाज आला. "जरा खाली या."

डावीकडच्या दांडीवरच्या नटावर पांढरा ठिपका होता, परवाचा, अखंड. भटूने पाना लावला आणि एका बोटाने ढकलला. नट फिरला.

"कोण्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं हात घातला का?" भटूने वरच्या राजदीपला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात विचारलं. उत्तर त्यालाही माहीत होतं. दुसऱ्याने नट फिरवला असता तर ठिपका तुटला असता.

"दे इकडं." अभिमनने पाना घेतला. कोन जुळवला, नट आवळला. जितका आवळायचा तितका आवळला आणि पाना काढला. "बघ."

भटूने पाना लावला. जोर लावायचीही गरज पडली नाही. नट आणखी पाव फेरा गेला, मग अर्धा, मग थांबला.

खड्ड्यात ऑइलचा वास होता. वर कुठल्या तरी गाडीची हवा सुटल्याचा आवाज आला.

"माझ्या हाताला तो आवळलेला वाटला," अभिमन म्हणाला.

 भटूने अभिमनचा उजवा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावर पान्याचं टोक दाबलं. मग आणखी दाबलं. अभिमन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"कधीपासून?"

"माहीत नाही," अभिमन म्हणाला. "हेच तर."

दीपकशेठने ऐकून घेतलं आणि आधी केबिनचं दार लोटलं. "या महिन्यात तू ज्या गाड्या केल्या, त्या बठ्ठ्या, एकूण एक, बोलावतो. फ्री चेकअप चालू केलंय म्हणून सांगू. तू कोणाला काही बोलू नको, अभिमन. हात गेला म्हणून सांगितलं ना, उद्या शटर ओढावं लागेल."

"नथ्थूची जीप," अभिमन म्हणाला.

नथ्थूची काळी-पिवळी जीप जळगाव ते धरणगाव अशी फेऱ्या मारायची. गेल्या आठवड्यात अभिमनने तिचं काम केलं होतं. जीपमध्ये माणसं किती असायची, ते नथ्थूलाही सांगता आलं नसतं. आत बसत, मागे लटकत, लग्नसराईत टपावरही चढत. अभिमनने फोन लावला. रिंग गेली आणि थांबली. पुन्हा लावला. नथ्थू गाडी चालवताना फोन उचलत नसे. या चांगल्या सवयीचं अभिमनला कौतुक होतं.

राजदीपच्या गाडीचा नट भटूने आता पुरता आवळला होता. नथ्थूला वाटेतच गाठायला त्याने मोटरसायकल काढली. एरवी अभिमन चालवायचा. आज तो मागे बसला.

बांभोरीच्या पुलाच्या अलीकडे गाड्या थांबल्या होत्या. लोक रस्त्याच्या कडेला जमून खाली पाहत होते. कुणीतरी पळत होतं. भटूने वेग कमी केला.  गर्दीच्या फटीतून अभिमनला काहीतरी पिवळं दिसलं.

केळीचा ट्रक होता. मागचं चाक खड्ड्यात रुतून तो कलला होता. घड रस्त्याकडेला पसरले होते. ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून सगळ्यांना शिव्या देत होता आणि दोन माणसं केळी पिशवीत भरत होती.

"चला," अभिमन म्हणाला. 

पाळधीच्या फाट्यावर जीप उभी होती. भरलेली. नथ्थू स्टिअरिंगवर बसला होता, इंजिन चालू होतं. मागे एक माणूस पाय टेकवायला जागा शोधत होता. भटूने मोटरसायकल जीपसमोरच आडवी घातली.

"अरे, अभिमननाना!" नथ्थू ओरडला. "मरानं शे का? पुढे कसाले उभा ऱ्हायनात?"

"गाडी बंद कर. बठ्ठासले उतराले लाव."

"काय व्हयनं?"

"उतराले लाव, नथ्थू."

माणसं उतरायला तयार नव्हती. एक म्हातारी वांग्यांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी एकदाव उतरनू ते मन्ही जागा जाई. तू देशी का परत?" मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, तुमची पाटीच बसू द्या, तुम्ही उभ्या ऱ्हा." लोक हसले. नथ्थूने किल्ली फिरवली तेव्हा हसणं थांबलं आणि एकेक जण उतरू लागला.

भटू रस्त्यावरच पाठ टेकवून गाडीखाली गेला. पाना मागितला नाही. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि फक्त बोटं वर करून दाखवली. नट बोटांनी फिरत होता.

नथ्थूने ते पाहिलं. तो अभिमनकडे वळला.

"चार दिनपासून थरथरस," तो म्हणाला. "वढस बी. मी वाकीसन दखं. तुना ठिपका शे. मंग मी म्हंतं, रस्ता खराब व्हई. ठिपका शे तवर दुसराले कसाले दखाडू?"

अभिमनच्या मागे उतरलेली माणसं उभी होती. दीपकशेठचे शब्द त्याला आठवत होते.

"ठिपका मन्हाच शे," तो म्हणाला. "नट ढिला ऱ्हायना. हात ग्यात मन्हा, नथ्थू. त्यासले आते काहीच कळत नही."

 नथ्थू जीपकडे पाहत राहिला, पाटीवाल्या म्हातारीकडे, मग रस्त्याकडे. पुढे उतार होता आणि समोरून ट्रक येत होते.

भटूने काम केलं. दोन्ही बाजूंचे नट पुरते आवळले, दांडी हलवून पाहिली, कोन दुकानात येऊन नीट करून घे म्हणून नथ्थूला बजावलं, तोवर हळू चालव म्हणाला. मग गाडीखालूनच त्याने हात बाहेर काढला.

"नाना, बाटली."

अभिमनने खिशातून पांढरी बाटली काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. "जुना ठिपका पुसून टाक आधी," तो म्हणाला. "घासून."

"आणि नवा?"

"तू आवळलाय. तुझा तू ठरव."

भटू बाहेर आला तेव्हा बाटलीचं झाकण लागलेलंच होतं. त्याने ती आपल्या खिशात टाकली. नट कोरा होता. माणसं पुन्हा चढली, म्हातारीला तिची जागा मिळाली. नथ्थूने जीप सुरू केली. जाताना त्याने हॉर्न दिला नाही. जीप उतारावरून बारीक होत गेली, सरळ, रस्त्याच्या मधून.

फाट्यावरच्या टपरीवाल्याने दोन चहा आणून बाकड्यावर ठेवले. भटूने आपला ग्लास काठाला धरून उचलला, फुंकर मारली.

"घ्या, नाना."

अभिमनने हात पुढे केला नाही. त्याने तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि ग्लासातून निघणाऱ्या वाफेकडे पाहत बसला. वाफ विरळ झाली. तरी तो थांबला. ती दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी ग्लास उचलला.