बारा ठिपक्यांचा मी

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. बारा. आकड्याने आपली जीवनकहाणी सांगावी हे मलाच जरा चमत्कारिक वाटतं, पण डोक्यातला गोंधळ कुणापुढे तरी मांडल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म १९९८ साली सांगलीत, विश्रामबागेतल्या एका घराच्या माडीवर झाला. देवदत्त आणि अश्लेषा तिथे संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. टेबलावरचा संगणक असो की हातात मावणारं छोटं यंत्र, दोन्हींवर एकच प्रोग्रॅम चालावा, म्हणून ते बटणं, याद्या, अक्षरं असा सगळा तयार संच बनवत होते. अक्षर पडद्यावरचे किती ठिपके उंच हवं हे कुणी सांगितलं नाही, तर संचाने आपणहून किती धरायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. देवदत्त म्हणे दहा ठिपके, म्हणजे पडद्यावर जास्त ओळी मावतील. अश्लेषा म्हणे चौदा. दोन दिवस दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. शेवटी भांडणाला कंटाळून त्यांनी मधला मी धरला. माझ्या अंगी काही गुण होता म्हणून माझी निवड झाली नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

टेबलावरच्या पडद्यावर मी चांगला ठसठशीत दिसायचो. हातयंत्राचे ठिपके मात्र बारीक. तिथेही तोच मी, तेच बारा ठिपके, आणि अंग मुगाच्या डाळीएवढं. मग मी मोठा की लहान? कुणाला विचारणार? आम्हा आकड्यांना कुणी विचारत नाही.

जत तालुक्यात पाण्याचे टँकर पाठवणारे नानासो हे आमचे पहिले गिऱ्हाईक. कुठल्या वस्तीवर आधी जायचं, ती यादी ड्रायव्हरला रोज यंत्रावर मिळणार होती. अश्लेषाने ड्रायव्हरांना सांगलीला बोलावलं आणि त्यांच्या रोजच्या फेरीचीच यादी पडद्यावर लावली. त्यांच्यात लालासाहेब होते. साताऱ्याकडचे, फौजेत वीस वर्षं गाडी चालवून आलेले. त्यांनी यंत्र हातभर लांब धरलं आणि नऊच्या नऊ वस्त्या घडाघडा म्हणून दाखवल्या.

"काका, नीट दिसतंय ना?" अश्लेषाने विचारलं.

"न दिसायला काय झालं? लय झ्याक हाय."

सगळ्यांना वाचता येतं, असं तिने वहीत लिहिलं. देवदत्तने तर आनंदाने पेढे आणले. मीही फुशारलो.

एप्रिलात, मेंढरं राखणाऱ्या राहीबाईंच्या वस्तीवरची कूपनलिका आटली. ही वस्ती नेहमी यादीत शेवटी असायची. नानासोंनी त्या दिवशी ती पहिली घातली. मी टँकरमध्ये, स्टिअरिंगशेजारी, ते नाव अंगावर घेऊन उभा होतो. लालासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी रोजच्याच वाटेला वळवली. मला काही कळेना. मी तर होतो तिथेच होतो, मग यांनी पाहिलं तरी काय?

राहीबाईंच्या दारी टँकर पोचला तेव्हा दिवस कलला होता आणि त्याच्या टाकीत तांब्याभरही पाणी नव्हतं.

"आवं, सकाळधरनं वाट बगतोय आमी," त्या म्हणाल्या. "दोन कोकरं उठंनात आता."

लालासाहेबांनी तसेच माघारी जाऊन टँकर भरून आणला. पण तोवर कोकरं गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊन सांगलीला आले.

"पोरी, मला ह्ये दिसतच न्हाई. पैल्या दिवसापासनं न्हाई."

"अहो काका, तुम्ही तर घडाघडा वाचलं होतं."

"वाचलं न्हवतं. रोजची फेरी, पाठच हाय ती. पलटणीत डोळ्यांची तपासणी आली की आमी तक्ताच पाठ करायचो. चष्मा म्हणलं की गाडी काढून घेत्यात. आता नानासो बी काढून घेतील."

अश्लेषाने वहीतलं ‘सगळ्यांना वाचता येतं’ खोडलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे, काका. तुम्हाला पाठ असलेलंच मी वाचायला दिलं. नानासोंना मी सांगते."

तिने फूटपट्टी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मोजलं. टेबलावर मी जितका भरलो, त्याच्या जेमतेम निम्मा हातयंत्रावर. तिथे तिने माझ्या जागी चोवीस घातले. नऊऐवजी चारच नावं मावू लागली. देवदत्तने तोंड वाकडं केलं, पण फूटपट्टी पाहून मान्य केलं.

मग तिने लालासाहेबांनी कधी न ऐकलेली नावं पडद्यावर लावली.

"आकारामचा… मळा. ताल… न्हाई, ताली. तालीवरची वस्ती." चार नावांत ते तीनदा अडखळले.

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ता वाचलंत, काका," ती म्हणाली.

मित्रांनो, टेबलावरच्या पडद्यावर मी अजून आहे. त्या कोकरांचा दोष माझा की आणखी कुणाचा, याचा उलगडा मला आजही होत नाही. पण तुम्ही दुसऱ्यासाठी काही ठरवाल, तेव्हा त्याला पाठ नसलेलं वाचायला द्या. आणि तो अडखळला, तर त्याला हसू नका.