साडेतीन फेरे

जगात तुला सगळ्यात जास्त राग कुणाचा, असं गुनार्तोला कुणी विचारलं असतं तर त्याने पोनिमानचं नाव घेतलं असतं. पोनिमान मेला तरी त्यात काही फरक पडला नव्हता. मेलेल्या माणसावर राग धरू नये, हे ज्यांना दर रविवारी हरावं लागत नाही त्यांनी सांगावं.

दोघांनी रिमोटचे ट्रक एकाच दुकानातून घेतले होते. तेच मुठीएवढं इंजिन, तेच नायट्रोचं इंधन, आणि केदिरी शहरातल्या साखर कारखान्यामागचा तोच मातीचा ट्रॅक. अर्धी शर्यत गुनार्तो पुढे असे. मग त्याचं इंजिन तापून गळपटे, आणि पोनिमानचा ट्रक निळसर धूर सोडत, जरासुद्धा घाई न करता, त्याला मागे टाकून जाई. वर्षानुवर्षं हेच. आणि गुनार्तो दर वेळी पोनिमानच्या पाठीवर थाप मारून हसायचा.

आता त्या ट्रॅकची एक रीत आहे. कार्ब्युरेटरवर एक सुई असते. म्हणायची सुई, दिसायला बारीक पितळी स्क्रू. ती आत फिरवली की इंधन कमी जातं, इंजिन किंचाळत पळतं आणि तापून मरतं. बाहेर काढली की धूर होतो, इंजिन थंड राहतं, पण आळसावतं. मधली जागा ज्याला सापडली तो जिंकला. म्हणून आपली सुई बंदपासून किती फेरे उघडी आहे, हे तिथे कुणी कुणाला खरं सांगत नाही. ही माणसं डॉक्टरला सिगारेटी खऱ्या सांगतील, पण फेरे नाहीत. विचारणाराही उगाच विचारतो, सांगणारा थाप मारतो, आणि दोघं मिळून कॉफी पितात. यात कुणाला वाईट वाटत नाही.

पोनिमानला मात्र कधीही विचारा, उन्हात, पावसात, जिंकल्यावर, हरल्यावर, त्याचं उत्तर ठरलेलं. "साडेतीन."

गुनार्तोने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. हा लेकाचा साडेतीन म्हणतोय म्हणजे तीनच्या आतच असणार, आपल्याला सुस्त करायला बघतोय. म्हणून त्याने स्वतःची सुई अडीचवर ठेवली, दोन पिस्टन जाळले, आणि तरी अडीच सोडले नाहीत. पोनिमानला 'पाक साडेतीन', म्हणजे साडेतीनराव, हे नाव त्यानेच पाडलं. ते असं चिकटलं की पोनिमानची बायको वारसिनी, जिची ट्रॅकच्या कुंपणाला लागून तळलेल्या टोफूची टपरी होती, तिच्याकडेही लोक दात काढत साडेतीन टोफू मागू लागले. ती चार द्यायची.

पोनिमान गेला त्या संध्याकाळी माणसं त्याच्या घरी प्रार्थनेला जमली होती. गुनार्तो शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणाला, की कबरीच्या दगडावर नाव काय कोरणार, साडेतीन? अगदी हळू म्हणाला, पण आत स्वयंपाकघरात वारसिनीला ऐकू जाईल इतपत. दोघंतिघं तोंडाला रुमाल लावून हसले.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी, एका रविवारी, वारसिनी टपरी सोडून कुंपणाच्या आत आली. नवऱ्याचा ट्रक तिने जुन्या बाटिकच्या कापडात गुंडाळून आणला होता. तो तिने नेमका गुनार्तोच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला.

"पाक गुनार्तो, हा चालू करून द्या," ती म्हणाली. "साडेतीनवर. सगळ्यांसमोर."

बू, म्हणजे बाई, अशी हाक मारून गुनार्तोने विचारलं, आत्ताच हे कशाला?

"माझा माणूस खोटं बोलत नव्हता. नाव तुम्ही ठेवलंत, तर दाखवायचंही तुम्हीच."

भोवती माणसं जमली. शर्यतींचा पुकारा करणारा सामसुरी तर माइक ठेवून आला. आता नाही म्हणणं म्हणजे आपल्याला जमत नाही असं कबूल करणं, आणि गुनार्तोला ते जीव गेला तरी चालणार नव्हतं. त्याने बाही सारली.

माणूस कसाही असो, हात चांगला होता. इंधनातलं तेल वाळून डिंक झालं होतं आणि पिस्टन जाम बसला होता. त्याने गरम हवा मारून इंजिन तापवलं, थेंब थेंब तेल सोडलं, चाक मागेपुढे हलवत पिस्टन सुटा केला. प्लग नवा घातला. इंजिन लागलं, पण न विचारता आपलं आपणच चढत गेलं आणि धाडकन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सामसुरीने सल्ला दिला की सुई उघड. कुणी म्हणालं, इंधन शिळं असेल. गुनार्तोने कुणाचं ऐकलं नाही. असं आपोआप चढतं म्हणजे कुठूनतरी हवा ओढतंय. त्याने टाकीपासून इंधनाची नळी बोटांनी वाकवून पाहिली. वळणावर केसाएवढी चीर होती. त्याने नळी बदलली.

मग त्याने सुई पेचकसाने आत बंद करायला घेतली. आधी कुठे होती ते मोजून ठेवावं, ही कारागिराची सवय. एक. दोन. इथे आता टेकणार, असं त्याला खात्रीने वाटलं. सुई फिरत राहिली. तीन. मग अर्धा फेरा, आणि टेकली.

गुनार्तोचा हात तिथेच राहिला.

पोनिमान खरं सांगत होता. पहिल्या रविवारपासून, शेजारी बसून, कॉफीत साखर ढवळता ढवळता. इतकी वर्षं जी गोष्ट त्याला हवी होती ती दर रविवारी त्याच्या हातावर ठेवली जात होती, आणि तो ती थुंकून टाकत होता, कारण पोनिमानच्या जागी तो स्वतः असता तर खोटं बोलला असता. त्याला रडावंसं वाटलं. लगेच त्याला त्या भल्या माणसाचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला. ह्याला काय गरज होती एवढं खरं बोलायची?

त्याने मान वर केली. वारसिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. दहा मिनिटांत हा ट्रक धुराची शेपटी सोडत पळेल, आणि मग सगळा ट्रॅक बघेल तो पोनिमानकडे नाही, आपल्याकडे. हा तोच बावळट, ज्याला दर रविवारी उत्तर मिळत होतं.

"बघा रे सगळे," तो मोठ्याने म्हणाला. "मागून तक्रार नको."

त्याने सर्वांसमोर सुई उघडली. फेरे मोजताना सामसुरीला बरोबर मोजायला लावलं. साडेतीनवर पेचकस थांबवून दाखवला. मग इंजिन सुरू करायच्या आधी, सांडलेलं इंधन पुसायचं म्हणून, ट्रकवर फडकं टाकलं. फडक्याखाली पेचकस होताच. तिथे सुई गुपचूप दोन फेरे आत गेली.

इंजिन पेटलं. गुनार्तोने ट्रक खाली ठेवला आणि रिमोटचा घोडा पूर्ण दाबला. ट्रक सुटला तो असा सुटला की लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या वळणापर्यंत तसा वेग त्या ट्रॅकवर कुणी पाहिला नव्हता. मागे धुराचा पत्ताच नव्हता.

वारसिनीने कान टवकारले. तिला सुई कळत नव्हती, फेरे कळत नव्हते. पण टोफू तळता तळता तिने तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता.

"हा त्यांचा आवाज नाही," ती म्हणाली. "थांबवा. पाक गुनार्तो, थांबवा ना."

"साडेतीनच आहे, बू," गुनार्तो म्हणाला. त्याने घोडा सोडला नाही.

आवाज बारीक होत होत सुरीसारखा झाला आणि तुटला. ट्रक सरळ रस्त्याच्या मधोमध चाकं घासत थांबला. सामसुरी तो उचलून घेऊन आला आणि इंजिनच्या डोक्यावर थुंकला. थुंकी फट्कन उडाली. पिस्टन आत चिकटून बसला होता. तो आता हवेने सुटणार नव्हता, तेलानेही नाही.

"साडेतीन," सामसुरी म्हणाला, आणि सगळे हसले. कुणी म्हणालं, खोटारडा तो खोटारडाच, मेल्यावरही इंजिन जाळलंन्. ट्रक गरम होता, तरी वारसिनीने तो हातात घेतला, चटका बसला तशी कापडात गुंडाळला, आणि टपरीवर जाऊन गिऱ्हाइकाचे टोफू काढायला लागली.

पुढच्या रविवारी गुनार्तोने कुणी बघत नाही असं पाहून स्वतःची सुई साडेतीनवर नेली. मोह कुणाला सुटतो? अर्धी शर्यत झाली तरी इंजिन तापलं नाही. निळसर धूर सोडत, घाई न करता, त्याचा ट्रक एकेकाला मागे टाकत गेला. तो पहिला आला. आयुष्यात पहिल्यांदा.

तेव्हा त्याला वारसिनी दिसली. ती झारा हातात धरून कुंपणाला येऊन उभी होती. डोळे मिटलेले. मागे कढईत टोफू काळे पडत होते.

तो कॉफी घ्यायला गेला तेव्हा टपरीवर सगळे जमलेले होते.

"साडेतीन ना?" तिने विचारलं. भांडायच्या सुरात नाही, अजिजीने. "नुसतं हो म्हणा. एकदाच."

गुनार्तोने सगळ्यांकडे बघून डोळा मारला.

"बूंना नवऱ्याचा रोग लागला," तो म्हणाला. टपरी हसून हसून लोळली. तिने त्याची कॉफी त्याच्यापुढे ठेवली. साखर नेहमीइतकीच होती.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याने ट्रक टेबलावर घेतला आणि सहज कुंपणाकडे पाहिलं. शर्यतीला अजून वेळ होता. वारसिनीने चूल आधीच विझवून ठेवली होती. फडक्याला हात पुसून, स्वच्छ होऊन, ती कुंपणापाशी स्टूल टाकून बसली होती. ती शर्यत बघायला आली नव्हती, हे त्याला कळत होतं. तिला फक्त ऐकायचं होतं.

गुनार्तोने पेचकस उचलला. त्याला जिंकायचं होतं, देवाशपथ जिंकायचं होतं. पण तिला पोनिमानचा तो आवाज मिळू द्यायचा नव्हता. त्याने सुई एक फेरा आत घेतली आणि ट्रक खाली ठेवला. अर्ध्या शर्यतीत इंजिन तापून गळपटलं, आणि तो चौथा आला.