तीन बोटं

"दुपारी एकपर्यंत एवढंच," असं म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांच्या हातात दोनशे मिलीची पाण्याची बाटली ठेवली. समोर तळं होतं. पलीकडचा काठ नीट दिसू नये, एवढं मोठं. सासऱ्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे.

"पुरेल," ते म्हणाले.

मी गाडीतून दोन घडीच्या खुर्च्या, छत्री, टोपी, औषधांचा डबा आणि उशी उतरवली. हाच माणूस पूर्वी एक काठी आणि कणकेचा गोळा घेऊन सायकलवरून इथे यायचा. आजचं सामान बघून कुणालाही वाटलं असतं की आम्ही तळं विकत घेतलंय आणि आता राहायला आलोय.

सासरे लिफ्टचे मेकॅनिक होते. चालत्या लिफ्टच्या भिंतीला नुसती बोटं टेकवून ते सांगायचे, "वरच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. महिनाभर काढेल." लिफ्ट इमानदारीत महिनाभर काढायची. लग्नाआधी मी त्यांना पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काय निदान झालं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मासे धरतानाही तेच. बाकीचे लोक दोऱ्याला बूच बांधतात आणि ते पाण्यात बुडायची वाट बघतात. सासऱ्यांच्या मते हे म्हणजे वासावर जेवण उरकणं. त्यांचा दोरा उजव्या तर्जनीवरून जायचा आणि तळाशी मासा शिंकला तरी वर बोटाला कळायचं.

मग त्यांची मूत्रपिंडं संपावर गेली. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस, आणि प्यायचं पाणीही मोजून. त्यासाठी डॉक्टरांनी डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्या. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथरतं. थरथर आहे तोवर सगळं ठीक. थांबली की तडक दवाखाना. रोज सकाळी साडेसहाला सासूबाई तिथे तीन बोटं ठेवतात आणि गच्चीवरच्या पंपाबद्दल सांगावं तसं जाहीर करतात, "चालू आहे." त्यानंतरच घरात चहाचं आधण चढतं.

काठी दीड वर्ष कपाटामागे होती. डायलिसिसच्या सिस्टरनं तर केव्हाच सांगितलं होतं, "डाव्या हातानं ओझं उचलू नका, तो पाण्यात घालू नका, उन्हात बसू नका. बाकी जा की खुशाल!" पण सासरेच टाळत होते. कधी ढग आहेत म्हणून, कधी ढग नाहीत म्हणून. शेवटी काल सासूबाईंनी स्वतः गळासाठी कणीक मळली. चाळीस वर्षं ज्या बाई ह्या छंदाला 'पाण्याकडे तोंड करून बसायची नोकरी' म्हणत आल्या, त्या कणीक मळत होत्या. प्रकरण गंभीर होतं.

सासऱ्यांनी गळ टाकला. सुरेख टाकला. गळ पाण्यात पडल्याचा आवाजही आला नाही. दोरा तर्जनीवर घेऊन ते बसले आणि आम्ही तिघंही एका दोऱ्याकडे बघत राहिलो.

दहा मिनिटांनी त्यांनी गळ ओढून पाहिला. कणीक गायब.

"साहेब असणार," ते मला म्हणाले. साहेब म्हणजे ह्या तळ्यातला एक जुना, जाडजूड मासा. उशिरा येतो, खातो आणि काहीही काम न करता निघून जातो, म्हणून साहेब.

दुसऱ्यांदा कणीक गायब. तिसऱ्यांदाही.

"साहेबांनी सगळं ऑफिस आणलेलं दिसतंय," मी म्हणालो. सासरे हसले नाहीत. त्यांनी काठी गुडघ्यावर ठेवली आणि तर्जनी अंगठ्यावर घासली, पुन्हा घासली, सादळलेली काडी पेटवून बघावी तशी.

"चला, घरी जाऊ," ते म्हणाले. "काठी कपाटामागेच बरी होती."

"आत्ता तर आलोय!" सासूबाई म्हणाल्या. "एक अजून टाका. मग दोन घोट पाणी प्या, तोवर मी धरते."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नुसतं धरायचं तर आहे. तुम्ही तरी दुसरं काय करता?"

त्यांनी नाइलाजानं गळ टाकला. सासूबाईंनी काठी घेतली आणि दोऱ्यावर सवयीनं तीन बोटं ठेवली. सासरे झाकणानं मोजून पाणी प्यायले. मी उशीचं नक्की काय करायचं ह्याचा विचार करत होतो.

"अहो," सासूबाई एकदम म्हणाल्या, "ही बघा चालू झाली!"

"काय?"

"तुमच्या हातातली मोटर. ह्या दोऱ्यात आलीय!"

सासरे खुर्चीतून अर्धे उठले. आवाज एकदम मेकॅनिकचा झाला. "कशी आहे? एकसारखी की थांबून थांबून?"

"थांबून थांबून. आता... दोनदा टकटक केलं."

"ओढू नको! हुंगतोय तो. सांगत राहा."

"बारीक थरथर. बंद. परत बारीक. अगं बाई, आता जड झालं!"

"ओढ!"

सासूबाईंनी अडकलेला ड्रॉवर उघडावा तशी काठी ओढली. एक मासा हवेतून आला आणि सरळ माझ्या हातातल्या उशीवर पडला. उशी का आणली होती, ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं.

साहेब नव्हते. वीतभर कारकून होता.

सासऱ्यांनी गळ सोडवला आणि ओल्या उजव्या तळव्यावर मासा धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"चार महिने झाले," ते म्हणाले. "बोटांच्या टोकांना काही कळत नाही. दोन्ही हातांच्या."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"शर्टाची बटणं कोण लावतंय तुमची? आणि सकाळी हात तुम्हीच तपासायचात आधी. एक दिवस म्हणालात, 'जरा बघ गं तू.' तेव्हाच कळलं."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

 सासऱ्यांनी माशासकट तळवा पुढे केला. सासूबाईंनी माशावर तीन बोटं ठेवली, डोळे बारीक केले.

"चालू आहे."

सासरे वाकले आणि मासा पाण्यात सोडला.

सासूबाईंनी दवाखान्यातून आणलेल्या स्पिरिटच्या बोळ्यानं हात स्वच्छ पुसले. कणीक लावली, सासऱ्यांनी गळ टाकला, दोरा सासूबाईंच्या उजव्या बोटांवर आला. मग डावा हात लांब करून त्यांनी तीन बोटं अलगद सासऱ्यांच्या डाव्या हातावर ठेवली. सकाळची तपासणी तर कधीच झाली होती.

"काय गं, लागतंय का काही?" सासऱ्यांनी विचारलं.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "माझं दोन्हीकडे लक्ष आहे."